चौकातल्या बांधीतली सारसजोडी

"काहून जी, पाय उलटा लावला काय?"

मागच्या हिवाळ्यात दोन-अडीच महिने दुकानात जो येई तो हेच विचारी. ट्रॉलीचा हूक जोडायला आलेला असो, गेटचं माप द्यायला आलेला असो, नाहीतर नुसता खर्रा घोटत उभा असलेला असो, सगळ्यांची नजर मी लोखंडातून घडवत असलेल्या सारसाच्या पायावरच जाई. सारसाच्या पायाचा मधला सांधा मागच्या बाजूला निघालेला असतो. आपला गुडघा पुढे असतो, म्हणून आपल्याला ते उलटं वाटतं. मी एकेकाला थांबवून सांगायचो, की हा गुडघाच नाही, हा घोटा आहे. पाखराचा खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे असतो. सारस आयुष्यभर बोटांवर उभा असतो. हे सांगितलं की माणूस स्वतःच्या पायाकडे पाहायचा, मग सळाखीच्या पायाकडे पाहायचा आणि "असं हाय काय" म्हणून पुढे सरकायचा.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात दुकानाचं काम हंगामाप्रमाणे चालतं. जून-जुलैमध्ये चिखलणीची केजव्हील, दिवाळीच्या आसपास मळणीयंत्राची दुरुस्ती, उन्हाळ्यात लग्नाआधी घरं बांधणाऱ्यांच्या ग्रिल आणि जिने. मूर्ती किंवा पुतळा असलं काही मी कधी केलं नव्हतं. पण गावच्या चौकात सारसाचं शिल्प उभं करायचं ठरलं तेव्हा विचारणा माझ्याकडे आली, कारण पंचक्रोशीत लोखंड वाकवणारा मीच जवळचा.

बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. महाराष्ट्रात सारस बघायचा तर आमच्याकडे, गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात यावं लागतं. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठाने, परसवाडा, झिलमिली अशा तलावांच्या आसपास आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात तो राहतो. उडणाऱ्या पाखरांत जगात याच्याएवढं उंच कुणी नाही. मान ताठ करून नर उभा राहिला की साडेपाच-सहा फूट भरतो, म्हणजे बांधीत, धानाच्या पाणी साठवलेल्या वाफ्यात, उभ्या माणसाला तो डोळ्याला डोळा भिडवून पाहतो. दरवर्षी जूनमध्ये, पाणी आटून पाखरं मोजक्या तलावांवर गोळा झालेली असतात तेव्हा, 'सेवा' या आमच्याकडच्या वन्यजीव संस्थेची मंडळी, वनविभाग आणि गावोगावचे सारसमित्र पहाटे एकाच वेळी ठिकठिकाणी बसून गणती करतात. मीही दोनदा बसलोय. अख्ख्या जिल्ह्याचा आकडा पन्नासच्या आतच येतो. आमच्या एका वाड्यातल्या लग्नाला याहून जास्त माणसं जेवायला असतात.

तर कागदावर जे चित्र माझ्याकडे आलं ते असं होतं: पंधरा फुटांचा सिमेंटचा खांब, खांबावर पंख पसरून उडायच्या बेतातला एकच मोठा सारस, खाली गोल हौद, हौदात कारंजं आणि रंग बदलणारे दिवे. पैसे बरे होते. मी हो म्हणून आलो. घरी येऊन जेवलो, झोपायला गेलो आणि झोप लागली नाही. उठून कपाटातून जुनी ऑर्डरची डायरी काढली.

त्या डायरीत एका पानावर चार आकडे आहेत. ते कोणत्याही गेटाचे किंवा जिन्याचे नाहीत.

२०१९ चा जून होता. पाऊस अजून पडायचा होता. एका शेतावर मोटारीच्या खोलीचं दार बसवायला गेलो होतो. मशीन गाडीवरून उतरवत होतो तोच शेतमालकाचा पोरगा पळत आला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, विजेच्या तारांच्या बरोबर खाली, सारस पडला होता. तारा एवढ्या लोंबलेल्या, की मी हात वर केला असता तर माझ्याच मनात धास्ती भरली असती. पहाटे खाली उतरताना पंख लागला असणार. एवढ्या रुंद पंखांचं पाखरू पटकन वळू शकत नाही.

वनविभागाची माणसं दोन तासांनी आली. पंचनाम्यासाठी माप घ्यायचं होतं आणि त्यांच्याजवळ टेप नव्हता. माझ्या खिशात होता. एक बाजू वनरक्षकाने धरली, एक मी. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत ७ फूट ९ इंच. चोच पावणेसात इंच. घोट्यापासून पंजापर्यंत साडेबारा इंच. वजन पावणेआठ किलो भरलं. मी पाय हातात धरून माप सांगत होतो आणि तो लिहून घेत होता. तो पाय अजून माझ्या हाताला आठवतो. फिकट गुलाबी, कोरडा, बारीक बारीक खवल्यांचा, नव्या रॉडसारखा सरळ. मागचं बोट एवढंसं आणि वर चढलेलं, म्हणून सारसाला फांदी धरता येत नाही, तो झाडावर बसतच नाही. त्याला जमीनच लागते, ओली आणि उघडी. पिसांना जळका वास येत होता. तिकडे तिसऱ्या बांधीत त्याची जोडीदारीण उभी होती. ती मधून मधून ओरडत होती. दोघं मिळून ओरडतात तेव्हा नराच्या एका हाकेला मादीच्या दोन हाका असतात, लांबूनही कळतं. त्या दिवशी दोन हाका व्हायच्या आणि मधली जागा रिकामी जायची. मी दार बसवून संध्याकाळी निघालो तेव्हाही ती तिथेच होती.

लोंबणाऱ्या तारा ओढून घ्या, म्हणून मी स्वतः अर्ज दिला होता. पोच घेतली होती. नंतर तीन वेळा चकरा मारल्या. त्या शेतावरच्या तारा आजही तशाच आहेत. सारसांच्या या हालअपेष्टांची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, विजेच्या तारा आणि शेतातल्या विषारी फवारण्यांवर तिथे सुनावण्या झाल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण तारेखालून जाताना मी अजून वर पाहतो.

त्या रात्री डायरीचं पान समोर धरून माझ्या मनात एकच आलं. ज्या पाखराला तारेखाली मेलेलं आपण पाहिलं, त्याला खांबावर कसं टांगायचं?

सकाळी मी कळवलं, की काम मीच करीन, पण आधी पाखरू पाहू द्या. पैसे वाढवून मागत नाही, वेळ द्या. चित्र तेवढं पक्कं धरू नका.

*

आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर एका बाबाजींची चार एकर जमीन आहे. सत्तरीच्या पुढचे आहेत. बांध्यांच्या वरच्या अंगाला जुना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. असे तलाव आमच्याकडे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजवटीत बांधले, अजून त्यांच्यावर धान पिकतं. या तलावात बेशरमची झुडपं वाढली आहेत, तरी एका कोपऱ्यात देवधान, म्हणजे रानटी भात, आणि कमळ शिल्लक आहे. बाबाजींच्या बांधीत चार वर्षांपासून सारसाची जोडी घरटं करते.

घरटं म्हणजे काय, हे लोकांना सांगावं लागतं. झाडावर नाही, काटक्यांचं नाही. पाण्याने भरलेल्या बांधीत धानाचे आणि गवताचे काडके उपटून, आजूबाजूचा पाणगवताचा लगदा ओढून ते एक ढीग करतात. एक बैलबंडी उभी राहील एवढी जागा व्यापतात. त्यासाठी लावलेलं धान उपटलं जातं, तुडवलं जातं. शेतकऱ्याचं नुकसान होतं. काही जण चिडतात आणि घरटं मोडून टाकतात. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, रोवणीच्या मजुरीचा भाव मला ठाऊक आहे. पण बाबाजींनी कधी मोडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "टोपलंभर धान गेलं त गेलं, बापू. धान त दरसाल होते. हे पाखरू दरसाल येईनच असं कोनं लिहून देल्लं हाये?"

त्यांच्या परवानगीने पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी तीन पहाटा तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, बसलो. बांधीत उतरायचं नाही, टॉर्च लावायचा नाही, पांढरा शर्ट घालायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. दोन अंडी होती. निंदणाच्या वेळी जोडी थोडी बाजूला झालेली असताना त्यांनी एकदाच लांबून पाहिली होती, मोठी, मळकट पांढरी. जवळपास महिनाभर उबवावी लागतात, आणि नर-मादी आळीपाळीने बसतात.

पहिल्या दिवशी धुक्यात काही दिसलं नाही. फक्त हाका ऐकल्या. एक आणि दोन, एक आणि दोन. छातीत घुमतं ते. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मादी घरट्यावर बसलेली होती, मान वर. नर वीस-पंचवीस हातांवर पाण्यात उभा, रात्रभर तिथेच पहारा केला असावा. थोड्या वेळाने तो निघाला. घाई नाही, एकेक पाय पाण्यातून पूर्ण वर काढून, बोटं मिटून, मग पुढे ठेवून बोटं उघडायची. पाणी हलत नव्हतं. घरट्याशी आला, मान खाली नेली आणि चोचीने मादीच्या पाठीवर हलकेच खाजवल्यासारखं केलं. दोनदा. मादी उठली. तिने अंड्यांकडे पाहिलं, चोचीने काहीतरी सारखं केलं आणि खाली उतरली. नर चढला, पाय दुमडले, बसला. मादी चरायला निघून गेली.

सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. बाबाजी माझ्या कानाशी म्हणाले, "पाळी बदलली."

माझी लेक नागपूरला शिकते. फोनवर मी हे तिला सांगितलं, तर दोन दिवसांनी तिने ग्रंथालयातून शोधून मला एक गोष्ट वाचून दाखवली. जहांगीर बादशहाने सारसाची एक जोडी पाळली होती, त्यांची नावं लैला आणि मजनू. त्यांनी अंडी घातली तेव्हा बादशहाने लक्ष ठेवलं आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवलं, की रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर शेजारी पहारा देतो, आणि पहाट झाली की नर येऊन चोचीने तिची पाठ खाजवतो, मग ती उठते आणि तो बसतो. चारशे वर्षांपूर्वी बादशहाच्या बागेत जे झालं, ते आमच्या बाबाजींच्या बांधीत त्या सकाळी झालं, एक काडी इकडची तिकडे न होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो होतो. शिल्प ठरलं होतं.

*

सभेला जाताना मी चित्र नेलं नाही, वेल्डिंग रॉड वाकवून केलेला हातभर नमुना नेला. मादी घरट्यावर, नर वाकून तिच्या पाठीला चोच लावतोय. आकार खऱ्याएवढाच. खांब नाही. जमिनीवर.

"एवढं लहान?" हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, सारस मुळातच माणसाएवढा आहे, त्याला आणखी मोठं कशाला करायचं? लहान पोरगं समोर उभं राहिलं की त्याला मान वर करूनच पाहावं लागेल. आणि गावातल्या म्हातारीच्या डोळ्यांसमोर ते असेल, तिला ढगाकडे पाहावं लागणार नाही.

मग मी लोखंडाची बाजू सांगितली, कारण ती मला जास्त नीट सांगता येते. पंख पसरलेलं पाखरू म्हणजे वाऱ्याला दिलेलं शीड. वैशाखातल्या वादळात आमच्याकडे टिनाची छपरं उडतात. दोन बारीक पायांवर ते पेलायचं तर मागून टेकूचा जाड पाईप द्यावा लागतो, तो कायम दिसत राहतो. मिटल्या पंखांनी वाकलेला सारस मात्र तीन जागी टेकतो: दोन पाय आणि चोच. चोच मादीच्या पाठीला जोडली, मादी घरट्याला आणि घरटं खालच्या काँक्रीटला. पाय मला हवे तेवढे बारीक ठेवता येतात, पंचवीस एमएमचा भरीव बार पुरतो, तो जमिनीखाली तीन फूट काँक्रीटमध्ये, बारा एमएमच्या प्लेटला जोडून चार बोल्टांवर. म्हणजे जे प्रेमाने केलेलं दिसतं तेच वजन पेलतं.

यावर फारसं कुणी बोललं नाही. हौदाचा मुद्दा अडला. मला तिथे बांधी हवी होती. चौदा बाय अठरा फुटांची खरी बांधी, धुरा घालून, तलावाचा गाळ आणून. कारंजाची नळी ज्या पाण्याला लागणार होती तेच पाणी बांधीत सोडा, असं मी म्हणालो. चिखल होईल, डास होतील, घाण होईल, सगळं बोलून झालं. शेवटी एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "चौकात येनाऱ्या प्रत्येकाच्या घरी बांधी हाये. बांधीचा कायचा तिटकारा?" त्या बाईंमुळे बांधी झाली. मी त्यांचा आभारी आहे.

पिसं कशाची करायची हे मात्र माझ्या दुकानातच ठरलं. पत्र्याची पिसं कापून लावली तर ती पत्र्याचीच दिसतात. एक दिवस माझ्या बायकोने कोपऱ्यातला मोडका इळा, म्हणजे विळा, उचलला आणि नमुन्याच्या शेपटीवर धरला. सारसाच्या शेपटीवर पंखांची लांब पिसं अशीच खाली वळून लोंबतात. इळ्याचा बाक तंतोतंत तोच. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

आमच्याकडे धान आता बरंचसं हार्वेस्टरने कापलं जातं. घरोघरी आढ्याला खोचलेले, गंजलेले, दाते झिजलेले इळे आहेत. दुकानाबाहेर पाटी लावली: सारसाच्या पिसांसाठी जुने इळे द्या. पहिल्या आठवड्यात अकरा आले. मग बाजाराच्या दिवशी बाया थैलीतून आणू लागल्या. एकीने तिच्या सासूचा आणला. मूठ झिजून अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. ती म्हणाली, मूठ मला परत द्या, पातं ठेवा. मी सगळ्याच मुठी काढून त्यांच्या त्यांच्या माणसांना परत दिल्या, हा नंतर नियमच झाला. एकूण ४१२ इळे जमले.

काम सोपं नव्हतं. इळ्याचं पोलाद कडक, साध्या रॉडने टाका मारला की गार होताना टिचकन तडकतं. आधी गॅसने थोडं तापवून, अडीच एमएमच्या ७०१८ रॉडने आखूड आखूड टाके मारावे लागले. धार आणि दाते ग्राइंडरने पूर्ण मारले, पोरं हात लावणारच आहेत. मानेकडून सुरुवात केली की पिसं उलटी बसतात, म्हणून शेपटीकडून मानेकडे, कौलं शाकारतात तशी एकावर एक रांग. माझ्या मुलाने पहिल्यांदा दुकानात रात्रीचं जेवण सोडून काम केलं ते याच दिवसांत. मादीची पाठ त्याची आहे, मी त्यात हात घातलेला नाही.

डोकं सगळ्यात अवघड गेलं. सारसाच्या डोक्याला आणि मानेच्या वरच्या भागाला पिसंच नसल्यासारखी लाल कातडी असते, विणीच्या दिवसांत ती आणखी भडक होते. माथा मात्र लाल नाही, तो राखाडी-हिरवट, आणि कानाशी एक राखी ठिपका. दुकानांच्या पाट्या रंगवणारे आमचे पेंटरभाऊ मारुतीचा शेंदूर घेऊन आले. मी नको म्हणालो. मग गाडीचा लाल आणला, तोही नको. शेवटी ते स्वतः माझ्यासोबत पाळीवर आले, तासभर पाहिलं, आणि परत येऊन तीन डबे मिसळून स्वतःच तो रंग काढला. त्यात काय किती घातलं हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. अंगाला आधी जस्ताचा प्रायमर, वर राखाडी. डोळे नारिंगी.

अंडीही केली. पांढऱ्या सिमेंटची, दोन, हातात घेतली की भरल्यासारखी वाटावीत अशी, आणि मादीच्या पोटाखाली घरट्यात बसवली. वरून दिसत नाहीत. जे दिसणार नाही ते कशाला, असं विचारणारे होते. पण अंडी नसतील तर ती बसली कशावर? आणि तो पाळी बदलायला आला कशासाठी?

*

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॉलीवर उभं करून, दोरांनी बांधून जोडी चौकात नेली. पाऊस लागलाच होता. आठ दिवसांनी बांधीत चिखल झाला. एवढ्याशा जागेत ट्रॅक्टर उतरत नाही, माझा मुलगा आणि त्याचे मित्र पायांनीच चिखल तुडवत होते, येणारे-जाणारे थांबून उतरत होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बाबाजींनी दिले. एचएमटी. हे वाण आमच्याच विदर्भातल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं, म्हणून तेच लावायचं ठरलं. माझी बायको आणि तिच्या गटातल्या बायांनी रोवणी केली, गाणी म्हणत, चौकात, बसस्टँडकडे पाठ करून. घरट्याभोवती त्यांनी जागा मोकळी सोडली.

श्रावणात धान कमरेला आलं. तेव्हापासून शिल्प खरं दिसायला लागलं. आधी लोखंड दिसत होतं. आता हिरव्यातून लाल मान वर येते, वाऱ्याने धान हलतं आणि ती हलत नाही. एसटीतून उतरलेली एक शाळकरी मुलगी आईला म्हणाली, "हळू बोल, उडून जातील." मी बाजूच्या टपरीवर चहा घेत होतो. कप खाली ठेवला.

पोरं पाय उलटा आहे असं आता एकमेकांना सांगत नाहीत. घोटा म्हणतात. डास झाले नाहीत, बांधीत बेडूक आणि पाणकिडे आपोआप आले. एकदा कुणीतरी फवारणी केली पाहिजे म्हणून पंप घेऊन आलं होतं, त्याला टपरीवाल्यानेच परत पाठवलं.

कार्तिकात धान पिवळं पडलं. कापायचं कशाने हा प्रश्नच नव्हता, पण गावात धडका इळा उरला होता कुणाकडे? सगळे तर पाखराच्या अंगावर. बाबाजी सकाळी सातच्या एसटीने आले. त्यांचा स्वतःचा इळा त्यांनी मला दिला नव्हता, अजून चालतो म्हणाले होते. धोतर खोचून ते बांधीत उतरले. चार-पाच बाया आणखी आल्या, दोघींनी शेजारच्या गावातून इळे मागून आणले होते.

बाबाजी घरट्याच्या दिशेने कापत गेले आणि दोन हात अलीकडे थांबले. आपल्या शेतात ते असंच करतात. पिल्लं भाद्रपदातच आईबापाच्या मागे निघून गेलेली असतात, तरी घरट्याभोवतीचा गोल ते कापत नाहीत. इथेही कापला नाही. बायांनीही मग त्या गोलाला हात लावला नाही.

कमरेवर हात ठेवून ते थोडा वेळ जोडीकडे पाहत उभे राहिले. नराच्या चोचीपासून मादीच्या पाठीपर्यंत बोट फिरवलं, जिथे माझा टाका आहे तिथे थांबले. मग गोलातून आत वाकून मादीच्या पोटाखाली हात घातला. कोपरापर्यंत हात आत, तोंड दुसरीकडे, गाईच्या ओटीत हात घालून पाहतात तसं.

"दोन हायेत," ते म्हणाले. हात पुसला, इळा उचलला आणि उरलेल्या धानाकडे वळले.